सकाळी डिस्क सापडत नाही, रीस्टार्ट केलं की सापडते

सकाळी कॉम्प्युटर लावला की काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत ‘नो बूटेबल डिव्हाइस’ नाहीतर ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’. बटण दाबून बंद केला, परत लावला, की विंडोज सुरळीत येते. मग दिवसभर काही त्रास नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. काही महिन्यांनी एकाच्या जागी चार वेळा बटण दाबावं लागतं, आणि एके दिवशी कितीही दाबलं तरी हलत नाही.

या तक्रारीवर दुकानात हमखास मिळणारं उत्तर म्हणजे ‘विंडोज उडालीय, फॉरमॅट मारून देतो’. हे ऐकलं की मशीन उचलून घरी आणा. विंडोज डिस्कवर असते. बायोसलाच, म्हणजे विंडोजच्या आधी मशीन जागं करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रामलाच, डिस्क दिसली नसेल तर गाडी विंडोजपर्यंत पोचलेलीच नाही, मग दोष तिचा कसा? फॉरमॅटनंतर काही दिवस मशीन बरं चालतंही, कारण कॅबिनेट उघडल्यावर कोणीतरी केबल काढून पुन्हा घट्ट बसवलेली असते. गुण केबलचा, बिल फॉरमॅटचं, आणि टॅलीचा डेटा नि मुलांचे फोटो गेले ते वेगळेच.

आधी कॉपी

आत्ता मशीन चालू असेल तर पुढचं वाचण्याआधी एक्स्टर्नल डिस्क जोडा आणि महत्त्वाचं सगळं उतरवून घ्या. तपासणी नंतर. डिस्कमधून टक-टक असा ठरावीक तालात आवाज येत असेल तर मात्र पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. आत वाचणारं हेड फिरत्या तबकडीवर, म्हणजे प्लॅटरवर, नीट जागा पकडू शकत नसतं, आणि तुमच्या प्रत्येक प्रयत्नागणिक डेटा परत मिळण्याची शक्यता कमी होत जाते.

बायोसला काय दिसतं, आणि ते कधी बघायचं

लावल्या लावल्या डिलीट किंवा एफ२ टिचकत राहा. काही लॅपटॉपना एफ१० किंवा एस्केप लागतं. आत साटा पोर्टांची, म्हणजे डिस्कची केबल लागते त्या जागांची, यादी असते, नव्या बोर्डांवर एनव्हीएमईची, म्हणजे थेट बोर्डात बसणाऱ्या एसएसडींची (फिरता भाग नसलेल्या डिस्कची), वेगळी. तिथे डिस्कचं मॉडेल आणि क्षमता दिसायला हवी.

एवढं बहुतेकांना माहीत असतं. गडबड होते ती वेळेची. एरर आल्यावर लोक कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबतात आणि मग बायोसमध्ये शिरतात. तोवर डिस्क फिरायला लागलेली असते, करंटही स्थिरावलेला असतो, त्यामुळे ती यादीत ठणठणीत दिसते. ‘बायोसमध्ये तर येतेय’ असं म्हणून माणूस मोकळा होतो आणि पुन्हा विंडोजच्या मागे लागतो. म्हणून रात्रभर बंद असलेलं मशीन सकाळी पहिल्यांदा लावतानाच बायोसमध्ये शिरायचं आणि यादीचा मोबाइलवर फोटो काढायचा. दिवसा चालू मशीनवर केलेली तपासणी या तक्रारीत फार उपयोगाची नाही.

त्या फोटोत तीनपैकी एक काहीतरी दिसेल. नाव नीट आहे तरी बूट होत नाही, नाव अजिबात नाही, किंवा नाव आहे पण भलतंच.

नाव आहे, तरी बूट होत नाही

सोपं आधी. मागे-पुढे पेनड्राइव्ह, कार्ड रीडर, मोबाइलची केबल काही लावलेलं आहे का? बायोस आधी त्याच्याकडून बूट करायला बघतो, तिथे काही सापडत नाही, आणि काही मशीन तिथेच अडून बसतात. हसण्यासारखं आहे, पण अशी प्रकरणं कमी नसतात.

मग तारीख बघा. घड्याळ कित्येक वर्षं मागे गेलं असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपलाय. हा सीआर २०३२, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा, ३.२ मिलिमीटर जाड, ३ व्होल्टचा बटणसेल. भिंतीवरच्या बोर्डाचं बटण रात्री बंद करायची आपल्याकडे सवय. वीज वाचते, विजा चमकत असतील तर मशीनही वाचतं, सवय चांगलीच आहे. पण बटण चालू असताना एसएमपीएसमधून, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायमधून, येणारा ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा घड्याळ सांभाळतो, आणि बटण बंद केलं की तो भार सेलवर येतो. म्हणून आपल्या डेस्कटॉपांचे सेल लवकर संपतात. जुन्या मशीनवर लोडशेडिंगनंतरच ही तक्रार येत असेल तर पहिला संशय सेलवरच घ्या.

सेल संपला की घड्याळाबरोबर बायोसची सेटिंगही कारखान्यातल्यासारखी होऊ शकतात. बूटचा क्रम बदलतो ते ठीक, तो लगेच कळतो. खरी पंचाईत साटाच्या मोडची, म्हणजे बोर्ड डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलतो त्याची. विंडोज टाकली तेव्हा मोड एएचसीआय होता आणि आता रेड किंवा आयडीई झाला, तर विंडोजचा लोगो येतो, गोल फिरतं, आणि निळ्या स्क्रीनवर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असं येतं. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांत व्हीएमडी नावाचं सेटिंग असतं, ते इकडचं तिकडे झालं तरी हेच. या निळ्या स्क्रीनचा अर्थ नीट लक्षात घ्या. बायोसला डिस्क दिसली, विंडोज चढायला लागली, आणि मध्येच तिच्या पायाखालची शिडी बदलली. मोड पूर्वीचा केला की विंडोज जशीच्या तशी परत येते. फॉरमॅटची काही गरज नसते.

जुन्या मशीनवर लेगसी आणि यूईएफआय (बूट करण्याची जुनी आणि नवी पद्धत) यांचीही अशीच अदलाबदल होते. एमबीआर या जुन्या पद्धतीने टाकलेली विंडोज निव्वळ यूईएफआय मोडमध्ये बूट होत नाही. त्यासाठी सीएसएम, म्हणजे बायोसमधली जुन्या पद्धतीची सोय, चालू लागतं.

बायोसमध्ये हात घालण्याआधी एक काळजी घ्या. विंडोज १० आणि ११ च्या बऱ्याच लॅपटॉपांवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी सोय) तुमच्या नकळत चालू असतं. सिक्युअर बूट वगैरे बदललं की पुढच्या वेळी ते ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. ती सहसा मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटवर असते. आधी तिथे जाऊन कागदावर उतरवून ठेवा. ती की नसेल तर डिस्क धडधाकट असूनही डेटा हाती लागत नाही.

सेल बदलताना भिंतीवरचं बटण बंद करा, अधिकची खूण वर ठेवा, आणि बायोसच्या सगळ्या पानांचे फोटो आधीच काढून ठेवा. खर्च दोन वडापाव आणि चहाइतका.

नाव अजिबात नाही

इथे जास्त वेळ द्यावा लागतो, कारण ‘पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा येते’ ही खरी तक्रार बहुधा या गटातली असते.

साडेतीन इंची हार्ड डिस्क थांबलेल्या अवस्थेतून फिरायला लागताना १२ व्होल्टच्या वायरीवर साधारण २ अँपिअर ओढते, म्हणजे २४ वॉटच्या आसपास. एकदा वेग पकडला की तिला पाच ते आठ वॉट पुरतात. त्याच क्षणी प्रोसेसर, पंखे, ग्राफिक्स कार्ड हेही आपापला घास मागत असतात. पाच-सात वर्षं जुन्या, त्यातही कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसचे कपॅसिटर सुकलेले असतात आणि थंड असताना सर्वात ढिले पडतात. १२ व्होल्ट क्षणभर खाली येतात, डिस्कची मोटर उचलत नाही, बायोस वाट बघून पुढे निघून जातो. दुसऱ्यांदा बटण दाबेपर्यंत कपॅसिटर थोडे गरम झालेले असतात आणि काम होतं. डिसेंबर-जानेवारीत नाशिक-निफाडकडे ही तक्रार वाढली तर नवल नाही.

मल्टिमीटर असेल तर पिवळ्या आणि काळ्या वायरीत ११.४ ते १२.६ व्होल्ट, लाल आणि काळ्यात ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळायला हवेत. त्याबाहेर गेलं तर निकाल लागला. पण आकडा आत आला म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही. सुरुवातीचा तो क्षणभराचा झोका साध्या मल्टिमीटरला दिसतच नाही. शेजारच्या चांगल्या मशीनचा एसएमपीएस काढून दोन-तीन सकाळी लावून बघणं हीच खात्रीची परीक्षा.

त्याआधी एक बिनखर्चाची परीक्षा करा. सकाळी लावा, बायोसमध्ये शिरा, डिस्क नाही हे बघा. मशीन बंद न करता तसंच काही मिनिटं राहू द्या. मग कंट्रोल-ऑल्ट-डिलीट. डिस्क आली, तर तिला फक्त वेळ किंवा ऊब हवी होती, आणि बोट एसएमपीएसकडे, डिस्कच्या मोटरकडे किंवा बायोसच्या घाईकडे जातं. नाही आली आणि वीज पूर्ण काढून परत दिल्यावरच आली, तर कनेक्टर किंवा डिस्कवरचं सर्किट जास्त संशयित. याला पुरावा म्हणता येणार नाही, पण कुठून सुरुवात करायची ते ठरतं. परीक्षा चालू असताना डिस्कवर हाताचा तळवा ठेवा. फिरणारी डिस्क हाताला कळते.

बायोसची घाई म्हणजे फास्ट बूट. हार्ड डिस्कला तयार व्हायला साधारण दहा सेकंद लागू शकतात, आणि फास्ट बूट चालू असेल तर बायोस तेवढं थांबत नाही. ते बंद करा. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप वेगळं. त्यात शटडाउन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत चढवला जातो. खरोखरचं शटडाउन हवं असेल तर शिफ्ट दाबून ठेवून शटडाउनवर क्लिक करा. फास्ट बूट बंद केल्यावर तक्रार थांबली तर आनंद आहे, पण डिस्क उशिरा का उठतेय हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिच्यात, बघायचं.

केबल

रत्नागिरीजवळच्या एका दवाखान्यात नोंदणीच्या काउंटरवर एक डेस्कटॉप आहे. त्याची तक्रार पावसाळ्यात यायची, दिवाळीनंतर आपोआप थांबायची. स्मार्टचे आकडे दाखवणारा क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्राम लावून बघितलं तर डिस्कचे बाकीचे आकडे स्वच्छ होते. ५ क्रमांकाचा आकडा शून्य, १९७ चा शून्य, १९८ चा शून्य. वाढत होता फक्त १९९ चा. हा सीआरसी एररचा मोजणीदार. डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेवर डेटा बिघडला की तो एकाने वाढतो. प्लॅटरशी त्याचा संबंध नसतो.

डेटा केबल बदलली आणि तो आकडा जिथे होता तिथे थांबला. तो मागे कधीच येत नाही, हे लक्षात ठेवा, नाहीतर केबल बदलूनही आकडा तेवढाच बघून लोक डिस्क फेकून देतात. आजचा आकडा लिहून ठेवायचा आणि आठवड्याने वाढलाय का ते बघायचं.

पण अधूनमधून डिस्क गायब होणं चालूच राहिलं. मग पॉवरकडे गेलो. हार्ड डिस्क, दुसरी डिस्क आणि कधीचा बंद पडलेला डीव्हीडी रायटर असे तिघं एकाच स्प्लिटरवर लटकले होते. मोलेक्स टू साटाचा (जुन्या चार पिनांच्या पॉवर कनेक्टरवरून साटा काढणारा) तो अखंड ओतीव प्लॅस्टिकचा स्वस्त जोड काढला तर एका पिनभोवती प्लॅस्टिक तपकिरी होऊन किंचित वितळलं होतं. खाऱ्या दमट हवेत पत्र्यावर थर चढतो, जोड ढिला होतो, तिथे रोध वाढतो, रोध वाढला की गरम होतं, गरम झालं की आणखी ढिलं. या ओतीव जोडांत वायरी आत जवळजवळ असतात, शॉर्ट होऊन जळाल्याच्या घटना जगभर आहेत. एसएमपीएसमधून आलेला मूळ साटा कनेक्टर थेट डिस्कला दिला, रायटर काढूनच टाकला, आणि पुढचा पावसाळा शांतपणे गेला.

साटाची डेटा केबल सात पिनांची, पॉवरची पंधरा पिनांची. आतला साटा कनेक्टर जेमतेम ५० वेळा काढ-घाल करण्यासाठी बनवलेला असतो, म्हणून दर रविवारी काढून फुंकर मारण्याचा उद्योग नको. फुंकरीतून ओलावाच जातो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि बिनधाग्याचं कापड पुरे. खोडरबर रॅमच्या पट्टीवर चालतो, साटाच्या बारीक पट्ट्यांवर नको. केबल घेताना लोखंडी क्लिपवाली घ्या. लॅमिंग्टन रोडवर असो की तालुक्याच्या दुकानात, किमतीत फरक मामुली असतो. पोर्टही बदलून बघा. २०११ च्या सुरुवातीचे इंटेल ६ सिरीजचे काही बोर्ड अजून सेकंडहँड फिरतात. त्यांच्या चिपसेटमधल्या चार ३ गिगाबिट साटा पोर्टांत दोष होता, ते वापराने हळूहळू ढासळत. इंटेलने ३१ जानेवारी २०११ ला तो जाहीर केला. त्याच बोर्डांवरचे ६ गिगाबिटचे पोर्ट ० आणि १ ठीक होते. केबल तिकडे हलवली की झालं.

स्मार्टचे आकडे कसे वाचायचे

क्रिस्टलडिस्कइन्फोत क्रमांक हेक्सात असतात, त्यामुळे १९७ शोधून सापडत नाही. तिथे सी५ लिहिलेलं असतं. १९८ म्हणजे सी६, १९९ म्हणजे सी७, १० म्हणजे ०ए. रॉ व्हॅल्यूही मुळात हेक्सातच दिसते, १० दिसलं तर ते सोळा. सेटिंगमध्ये दशमान करून घ्या.

सी५ म्हणजे डिस्कला वाचता न आलेल्या आणि अजून निकाल न लागलेल्या जागा. हा शून्यावरून हलला की मी त्या डिस्कवर विश्वास ठेवत नाही, भले प्रोग्राम निळ्या चौकटीत ‘गुड’ म्हणत असो. ०५, म्हणजे खराब ठरवून बदललेल्या जागा, थोडा असेल आणि महिनोन्महिने तिथेच असेल तर चालवून घेता येतं. ०ए, म्हणजे फिरायला पुन्हा प्रयत्न करावा लागल्याची संख्या, शून्याच्या वर असेल तर आधी एसएमपीएस बदलून बघा. तरी वाढत असेल तर मोटर थकलीय.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टमच्या नोंदीत ७ नंबर दिसला तर बॅड ब्लॉक. १२९ आणि १५३ म्हणजे डिस्कने वेळेत उत्तर दिलं नाही म्हणून रीसेट किंवा पुन्हा प्रयत्न, यात केबल आणि पॉवर दोन्ही संशयित.

डिस्क खरंच मरतेय असं ठरलं तर तिच्यावर चेकडिस्क चालवू नका. ते डेटा वाचवायला बनलेलं नाही, फाइल सिस्टम सरळ करायला बनलंय, आणि त्या नादात मरणाऱ्या डिस्कला तासन्‌तास राबवतं. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून डीडीरेस्क्यू चालवा. ते आधी सहज वाचता येणारं सगळं दुसऱ्या डिस्कवर उतरवतं आणि अडलेल्या जागांकडे नंतर वळतं. मॅप फाइल (कुठपर्यंत उतरवलं त्याची नोंद) दिली असेल तर मध्येच लाइट गेली तरी पुढे तिथूनच सुरू होतं. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवणं, टेबलावर आपटणं, त्याच मॉडेलच्या दुसऱ्या डिस्कची सर्किट प्लेट बसवणं, यातलं काही करू नका. आजच्या प्लेटवरच्या चिपमध्ये त्याच डिस्कची मोजमापं साठवलेली असतात, नुसती प्लेट बदलून उपयोग होत नाही.

नाव आहे, पण भलतंच

हे एसएसडीत होतं. स्वस्त १२० किंवा २४० जीबीची साटा एसएसडी एके दिवशी बायोसमध्ये कंपनीच्या नावाऐवजी ‘साटाफर्म एस११’ अशी दिसते. हा व्हायरस नाही. आतल्या फायसन एस११ कंट्रोलरला आपलं फर्मवेअर, म्हणजे एसएसडीच्या आतला तिचा स्वतःचा प्रोग्राम, चढवता आलेलं नाही, आणि तो स्वतःचं कच्चं नाव सांगतोय. डेटा गेला असं समजूनच चाला. वॉरंटी असेल तर बदलून घ्या. इंटेलच्या ३२० मालिकेत २०११ साली असाच प्रकार होता. अचानक वीज गेली की एसएसडी अवघी ८ एमबीची दिसायची.

एसएसडी आवाज करत नाही, आधी कुरकुरत नाही, सरळ नाहीशी होते. अचानक वीज गेल्यानंतर नाहीशी झाली असेल तर एक उपाय करण्यासारखा आहे. साटाची डेटा केबल काढा, पॉवर तेवढी लावून अर्धा तास मशीन चालू ठेवा. मग पॉवर काढून अर्धा मिनिट थांबा आणि हे पुन्हा एकदा करा. तेवढ्या वेळात कंट्रोलरला आपली आतली नोंदवही जुळवायला सवड मिळते. दर वेळी गुण येतो असं नाही.

फर्मवेअरही बघा. क्रुशल एम४ एसएसडी एकूण ५,१८४ तास चालून झाल्यावर प्रतिसाद देईनाशी व्हायची, रीस्टार्टनंतर तासाभरात पुन्हा तेच. जानेवारी २०१२ मधल्या फर्मवेअरने ते थांबलं. सीगेटच्या ७२००.११ हार्ड डिस्क २००९ च्या सुमाराला चालू करतानाच अडकून बसायच्या आणि बायोसला दिसायच्याच नाहीत, तेही फर्मवेअरमुळेच. एचपीईच्या काही सर्व्हर एसएसडींचं तर ३२,७६८ व्या तासाला कायमचं राम नाम सत्य व्हायचं. नोव्हेंबर २०१९ मध्ये कंपनीने अपडेट काढलं.

एम.२ एसएसडी, म्हणजे बोर्डातल्या खाचेत बसणारी पट्टी, असेल तर स्क्रू काढून, पट्टी पुन्हा तिरकी आत सरकवून दाबून बसवा. शिवाय बोर्डाचं मॅन्युअल बघा. बऱ्याच बोर्डांवर एम.२ भरलं की साटाचे एक-दोन पोर्ट आपोआप बंद होतात. एसएसडी नवी टाकली आणि जुनी हार्ड डिस्क ‘मेली’, अशा तक्रारीत ती बहुधा जिवंतच असते, पोर्ट तेवढा बदलायचा असतो.

नवी डिस्क फिरतच नाही

सगळं करून नवी मोठी हार्ड डिस्क आणली, विशेषतः एक्स्टर्नल डब्यातून काढलेली, आणि ती हूं की चूं करत नाही. डब्यात टाकली की चालते. दुकानात परत न्यायच्या आधी एसएमपीएस किती जुना आहे ते बघा. साटाच्या ३.३ आवृत्तीत पॉवर कनेक्टरच्या तिसऱ्या पिनला नवं काम दिलं, तिच्यावर ३.३ व्होल्ट आले की डिस्कने बंद राहायचं. जुन्या एसएमपीएसमध्ये त्या पिनवर ३.३ व्होल्ट कायमच असतात, म्हणून डिस्क आज्ञाधारकपणे बंद राहते. तिसऱ्या पिनवर कॅप्टॉन टेपची (उष्णता सोसणाऱ्या, वीज न वाहणाऱ्या चिकटपट्टीची) बारीक पट्टी चिकटवा, किंवा मोलेक्सवरून घेतलेला जोड वापरा, त्यात ३.३ व्होल्टची वायरच नसते. फक्त तो जोड ओतीव नको, ज्याच्या वायरी एकेक सुट्या दाबून बसवलेल्या दिसतात तसला घ्या.